आषाढातली लाट सरळ येते

मामांच्या घराच्या पुढच्या दारातून समुद्र साठ पावलांवर आहे, मागच्या दारातून खाडी सव्वाशे पावलांवर. मी शाळेत होते तेव्हा पुढचं अंतर बरंच जास्त होतं. मध्ये सुरूच्या झाडांची एक रांग होती, तिच्याखाली रापणीची जाळी सुकत पडलेली असायची. आता ती रांगही नाही आणि ती जागाही नाही.

मालवण तालुक्यातलं देवबाग म्हणजे वाळूचा एक लांबच लांब दांडा. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि दक्षिणेच्या टोकाला दोघांचा संगम. संगमापलीकडे भोगवे. या टोकाशी वाळू कुठून येते, कुठे जाते आणि कोणत्या महिन्यात किती जाते, हे संगणकावर मांडायचं काम आम्ही चौघं गेली चार वर्षं करतोय. मी पुण्यात असते. एक सहकारी चेन्नईत, एक गोव्यात, एक नेदरलँड्समध्ये. चौघं एका खोलीत आजवर एकदाच बसलो आहोत. बाकी सगळं काम एका सामायिक कोडभांडारात चालतं. तिथे प्रत्येकाचा प्रत्येक बदल तारखेसकट दिसतो, आणि दुसऱ्या कुणीतरी वाचून होकार दिल्याशिवाय तो मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यांच्या पक्क्या प्रतीत, जात नाही.

या कामात मी पडले त्यामागे एक जुनी खंत आहे. काही वर्षांपूर्वी धूप थांबवण्याच्या एका योजनेसाठी एका सल्लागार संस्थेने किनाऱ्याचं संगणकी मॉडेल केलं होतं. गावात त्याचा अहवाल आला. जाडजूड, गुळगुळीत कागदाचा, पानोपानी लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचे नकाशे. मी तेव्हा नुकतीच एम. टेक. झाले होते, म्हणून मामांनी तो माझ्यासमोर ठेवला. मी दोन दिवस तो वाचला. लाटा कुठल्या दिशेने सोडल्या, खोलीचे आकडे कुठून घेतले, वाळूचा कण किती जाडीचा धरला, यातलं काहीही त्यात नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं की सॉफ्टवेअर परवान्याचं आहे, फाइली देता येत नाहीत. मामांनी विचारलं, "खरा आसा काय ह्या?" मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. ज्या माणसाचं घर साठ पावलांवर आहे त्याला एवढंसुद्धा सांगता येऊ नये, हे मला फार लागलं.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. गाळ आणि वाळू कशी वाहते याची गणितं जगभर प्रत्येक गट आपापल्या कोडमध्ये लिहीत असे, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याशी का जुळत नाही हे कुणालाच तपासता येत नसे. ते बदलायला लागलं २००० नंतरच्या दशकात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या वुड्स होलमधल्या शास्त्रज्ञांनी विद्यापीठांना सोबत घेऊन गाळवहनाचं सामायिक मॉडेल बांधायला घेतलं. रॉम्स हे समुद्रप्रवाहांचं मॉडेल आधीपासून होतं. त्याला त्यांनी तळावरच्या गाळाचे थर जोडले आणि डेल्फ्टच्या विद्यापीठात तयार झालेलं स्वान हे लाटांचं मॉडेल जोडलं. त्याचा सविस्तर शोधनिबंध २००८ साली आला. २०१० साली वातावरणाचं मॉडेलही जोडलं गेलं आणि सगळ्या संचाला कोअस्ट हे नाव मिळालं. इकडे नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट-थ्रीडी या नावाजलेल्या प्रणालीचे प्रवाह, लाटा आणि तळबदलाचे भाग १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांसाठी खुले झाले. माझ्यासारखीला हे फार मोठं दार होतं. लाखो रुपयांचा परवाना न घेता मी प्रत्येक ओळ उघडून पाहू शकत होते.

आम्ही कोअस्ट निवडलं. ते चालवून बघायला सोबत काही काल्पनिक उदाहरणं येतात. त्यातलं एक आहे एका खाडीमुखाचं: सरळ किनारा, मध्ये एक फट, भरती-ओहोटी, बाहेरून लाटा आणि तळाशी वाळू. मॉडेल चालत जातं तशी मुखाबाहेर वाळूची पुटं चढताना दिसतात. पहिल्यांदा ते चित्र हलताना पाहिलं तेव्हा मी मामांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच उलट निरोप: "बार घातल्यान." मुखाशी वाळूचा उंचवटा तयार होतो त्याला आमच्याकडे बारच म्हणतात.

आतलं गणित मुळात सोपं आहे. समुद्राचा तळ चौकटींमध्ये विभागायचा. प्रत्येक चौकटीत किती वाळू आली, किती गेली याचा हिशेब ठेवायचा. आली जास्त तर तळ वर, गेली जास्त तर तळ खाली. अवघड आहे ते ‘किती गेली’ हे ठरवणं. त्यासाठी पाणी तळाला किती घासतं ते काढावं लागतं, आणि त्यात लाट व प्रवाह दोघांचा वाटा असतो. मग कणाचे आकडे लागतात. आमच्या वाळूचा मधला कण ०.२ मिलिमीटरच्या आसपास भरला. असा कण शांत पाण्यात सेकंदाला साधारण २ सेंटिमीटर खाली बसतो. खाडीतला बारीक चिखल मात्र त्याच्या कितीतरी पट सावकाश बसतो, म्हणून तो भरतीबरोबर आत आणि सुकतीबरोबर बाहेर हिंडत राहतो. हे सगळे आकडे एका साध्या मजकूर फाइलीत लिहायचे असतात. मॉडेलचा निम्मा खरेपणा त्या फाइलीत असतो, असं माझं मत झालंय.

दुसरा निम्मा खोलीत. जगभराचा जो फुकट मिळणारा समुद्रतळाचा नकाशा आहे त्याची चौकट साडेचारशे मीटरच्या आसपास असते. देवबागची अख्खी रुंदी बऱ्याच ठिकाणी तिच्या एका चौकटीत मावते. तेव्हा मुखाशी आपणच मोजायचं ठरलं. गोव्याचा सहकारी खोलीमापक यंत्र घेऊन आला, मामांच्या ओळखीच्या तांडेलांनी होडी दिली आणि फेब्रुवारीत तीन दिवस आम्ही मुखाशी आडव्या-उभ्या रेघा मारत फिरलो. बारावर लाट फुटते तिथे यंत्राचे आकडे वेडेवाकडे यायला लागले, कारण पाण्यात हवेचे बुडबुडे होते. तांडेलांनी काही न बोलता फळीखालून शिशाचा ओळंबा काढला, दोरी सोडली, तळाला टेकली तशी चिमटीत धरून वर ओढली आणि दोन हात पसरून मोजली. "दीड वाव, थोडा कमी." मी वहीत लिहिलं, बाजूला वेळ लिहिली. अशा सव्वीस नोंदी झाल्या. ओळंब्याच्या बुडाला चरबी लावलेली होती, तिला चिकटून वर आलेली वाळू त्यांनी बोटाने चोळून पाहिली आणि बाराच्या समुद्राकडच्या बाजूला ती भरड आहे, आतल्या बाजूला बारीक, हेही सांगितलं. त्या चिमटी मी पाकिटात घालून पुण्याला आणल्या. चाळणीवरही तेच निघालं.

या खोल्या मॉडेलमध्ये घातल्या तेव्हा पहिली गडबड उघडी पडली. नौदलाच्या जलसर्वेक्षणाच्या नकाशावर खोली दिलेली असते ती मोठ्या सुकतीच्या पातळीपासून, कारण जहाजाला कमीत कमी पाणी किती हे कळायला हवं. मॉडेलला हवी असते सरासरी समुद्रपातळीपासून. आमच्या भागात या दोन पातळ्यांत मीटरभराहून जास्त फरक आहे. बाहेरच्या समुद्राचे आकडे मी नकाशावरून घेतले होते, मुखाचे आम्ही मोजलेले सरासरी पातळीला आणून घातले होते, आणि दोन्ही जिथे मिळत होते तिथे तळाला पायरी पडली होती. नेदरलँड्सच्या सहकाऱ्याने तळाचा उभा छेद काढला आणि एवढंच लिहिलं की इथे समुद्रात पायरी आहे का? नव्हती. त्यानंतर आम्ही नियम केला की खोलीच्या प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत ती कुठल्या पातळीपासून मोजली हे लिहायचं. ते नसेल तर फाइल घ्यायचीच नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट.

दुसऱ्या वर्षी पूर्ण वर्षाच्या लाटा सोडून मॉडेल चालवलं. लाटांचे आकडे युरोपीय हवामान केंद्राच्या खुल्या साठ्यातून घेतले. निकाल सुंदर आला. वाळू देवबागच्या किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे, टोकाच्या दिशेने ठळक बाणांनी चाललेली. दांडा दक्षिणेकडेच वाढलेला आहे, नकाशात कुणालाही दिसतो, तेव्हा उत्तर जुळलं म्हणून आम्ही सगळेच खूश झालो. मी तर ते चित्र घेऊन गावात गेले. शाळेच्या वर्गात तीस-चाळीस माणसं जमली होती. मी भिंतीवर बाण दाखवले आणि वाळू इकडून तिकडे कशी जाते ते समजावलं. लोकांनी माना डोलावल्या.

पुढच्याच महिन्यात चेन्नईच्या सहकारीने एक प्रश्न नोंदवला. जुलैमध्ये मुखाबाहेर पाच मीटर खोलीवर लाटेची उंची एवढी कमी का? बाहेर खोल समुद्रात लाट मोठी होती आणि किनाऱ्याजवळ जेमतेम निम्मी. मी उत्तर दिलं की तळाच्या घर्षणात ऊर्जा जात असेल. घर्षणाचा गुणांक ०.०६७ होता तो ०.०३८ केला. दोन्ही आकडे वापरात असलेलेच आहेत. लाट थोडी वाढली, पण पुरेशी नाही. मग मी लाट फुटण्याचा गुणांक हलवला. मग चौकटी बारीक केल्या. दहा दिवस असे गेले. मी प्रत्येक वेळी काहीतरी बदलत होते आणि मूळ उत्तर शाबूत ठेवत होते, कारण ते बाण मला आवडले होते. हे मला आज स्पष्ट दिसतं.

आषाढाचे दिवस होते. रात्री मामांचा फोन आला, पाण्याबद्दल सांगायला. बोलता बोलता मी म्हटलं, मॉडेलमध्ये लाटा उत्तरेकडून येऊन किनाऱ्याला घासून जातात, दारात फारशा येत नाहीत. ते म्हणाले, "चेडवा, आषाढात लाट आडवी खय जाता? ती सरळ दारात येता. फोन भायर धरतंय, आयक." आणि त्यांनी फोन खरंच बाहेर धरला. तो आवाज मी बराच वेळ ऐकला.

फोन ठेवला आणि तोवर न काढलेलं एक चित्र काढलं: लाटांच्या दिशेचे बाण. उंचीचा नकाशा काढला होता, वाळूचा काढला होता, दिशेचा कधीच काढला नव्हता. पडद्यावर पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याला जवळपास समांतर दक्षिणेकडे चालल्या होत्या.

कारण एका शब्दात होतं. लाटेची दिशा सांगायच्या दोन रीती आहेत. दर्यावर्दी रीत म्हणजे लाट कुठून येते ते उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजायचं. आपण पश्चिमेचा वारा म्हणतो तसंच, पश्चिमेकडून येणारी लाट म्हणजे २७०. गणिती रीत म्हणजे लाट कुठे चालली ते पूर्वेपासून काट्याच्या उलट मोजायचं. तिथे २७० म्हणजे दक्षिणेकडे जाणारी. स्वानला तुम्ही स्पष्ट सांगितलं नाही तर ते गणिती रीत धरतं. सांगायला आदेशफाइलीत ‘नॉटिकल’ हा एक शब्द लिहावा लागतो. मी फाइल आदल्या एका काल्पनिक उदाहरणातून उचलली होती, त्यात तो शब्द नव्हता, आणि लाटांचे आकडे दर्यावर्दी रीतीचे होते. पश्चिमेची लाट मॉडेलमध्ये वळून दक्षिणेला निघाली होती. लाटा अगदी एकाच दिशेने जात नाहीत, थोड्या पसरतात; त्या पसाऱ्यातला थोडा भाग तिरका आत येत होता, तेवढीच लाट किनाऱ्याला मिळत होती, आणि तीच वाळूला जोरात दक्षिणेकडे रेटत होती. म्हणून दांड्याशी उत्तर ‘जुळलं’.

शब्द लिहिला, मॉडेल पुन्हा सोडलं, तीन दिवस चाललं. जुलैची लाट पुरी उंची घेऊन किनाऱ्यावर आली. वाळूचे बाण मात्र बारीक झाले आणि महिन्यामहिन्याला वळायला लागले. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वायव्येच्या लाटांबरोबर ती टोकाकडे सरकते, पावसाळ्यात किनाऱ्याच्या काही भागांत उलटी फिरते, आणि वर्षाची वजाबाकी केली तर आधी दाखवलं त्याच्या मानाने फारच थोडी उरते. टोकाशी खरा जोर दिसला तो नदीचा पूर आणि उधाणाची सुकती एकत्र येतात तेव्हाचा. आधीच्या चित्राइतकं हे चित्र सोपं नाही, पण मला ते कितीतरी जास्त देवबागसारखं वाटतं.

चूक मी भांडारात सविस्तर नोंदवली: कुठली फाइल, कुठली ओळ, कुठल्या तारखेपासूनचे निकाल वापरू नयेत. मग गावात गेले. पहिलं चित्र जिथे दाखवलं होतं त्याच वर्गात दोन्ही चित्रं शेजारी लावली आणि आधीचं चुकलं होतं, अमुक कारणाने चुकलं होतं, असं सांगितलं. माणसं या वेळी कमी होती. मला वाटलं होतं की विश्वास उडेल. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "मगे त्या आदीच्या रिपोर्टात ह्यो शब्द होतो काय गो?"

मी सांगितलं की ते बघता येत नाही, त्यांनी फाइली दिल्या नाहीत. आजोबा म्हणाले, "तुझी दिसली तरी." एवढंच बोलून ते उठले.

मला वाटतं, सामायिक मॉडेलचं मोल याहून वेगळं सांगता येणार नाही. चौघं मिळून लिहिल्यामुळे आमच्या चुका कमी झाल्या, असा माझा दावा नाही. त्या सापडल्या.

पुढे तर प्रत्येकाची सापडली. कर्लीत वाळूउपसा होतो, तेव्हा ठरावीक चौकटींतून ठरावीक वाळू काढून घेणारा एक भाग मी कोडमध्ये लिहिला. माझ्या संगणकावर तो व्यवस्थित चालला. कोअस्टमध्ये समुद्राचे तुकडे पाडून ते वेगवेगळ्या प्रोसेसरांना वाटता येतात, आणि तुकडे कितीही पाडले तरी उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच यायला हवं. गोव्याच्या सहकाऱ्याने एका तुकड्यात आणि चार तुकड्यांत चालवून दोन्ही उत्तरं एकमेकांतून वजा केली. नकाशा सगळीकडे शून्य यायला हवा होता. तुकड्यांच्या सीमेवर एक बारीक रेघ उमटली. तळ बदलल्यावर शेजारच्या तुकड्याला ते कळवणारी ओळ मी लिहायची विसरले होते. एवढी बारीक रेघ एरवी कुणाच्या लक्षातही आली नसती, आणि पाच वर्षांच्या तळबदलात ती चर होऊन बसली असती.

आता भांडारात चाचण्यांची एक यादी आहे. कुणीही काहीही बदललं की आधी त्या चालतात: तळातली आणि पाण्यातली वाळू मिळून हिशेब बसतो का, तुकडे बदलल्यावर उत्तर तेच राहतं का, खोलीच्या फाइलीत पातळी लिहिली आहे का. तिसऱ्या वर्षी मी तीत एक भर घातली. सपाट तळ, सरळ किनारा, २७० अंशांची लाट. ती किनाऱ्यावर सरळ आली नाही तर बदल नामंजूर. चाचणीचं नाव ठेवलंय ‘आषाढ’. नेदरलँड्सच्या सहकाऱ्याने नावाचा अर्थ विचारला, तेव्हा मी त्याला मामांच्या फोनची गोष्ट लिहून पाठवली. पुढच्या आठवड्यात त्याने दुसऱ्या एका शाखेत तीच चाचणी नावासकट घेतली.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या की मुख पुन्हा मोजायचं आहे. फेब्रुवारीत तांडेलांनी ओळंबा टाकला होता त्या सव्वीस जागा नोंदवलेल्या आहेत. या वेळी ओळंबा मी टाकणार आहे, असं त्यांनीच बजावलंय. वाव पसरायला माझे हात त्यांच्यापेक्षा आखूड आहेत, म्हणून दोरीवर आधी मीटरच्या खुणा करून घ्यायच्या, आणि वहीच्या पहिल्या ओळीत तेही लिहून ठेवायचं.